डाव उभा राहिला की पुरण झालं, हे त्याला कुणी सांगितलं?

सुगरण_नाही

होळीच्या दिवशीची गोष्ट. सासूबाई होत्या तोवर पुरणाच्या वाटेला मी कधी गेले नाही. त्या गेल्यावर तीन वर्षं विकतच्या पोळ्या खाल्ल्या. यंदा हट्टाने घरी करायला घेतल्या. डाळ शिजली, कट काढला, गूळ घातला आणि पुढे अडले. पुरण झालं हे ओळखायचं कसं? लेकाने फोनमध्ये ते गप्पा मारणारं ॲप घालून दिलंय, त्याला विचारलं. म्हणालं, मधोमध डाव उभा करून बघा, न कलंडता उभा राहिला की गॅस बंद करा.

शब्दन् शब्द सासूबाईंचा! फक्त त्या सांगायच्या तेव्हा डाव त्यांच्या हातात असायचा. आणि खरं तर तो उभा करायच्या आधीच त्यांना कळलेलं असायचं. "मनगटाला ओढ लागते," म्हणायच्या. याला ना मनगट, ना डाव. रटरटणाऱ्या पुरणाचा शिंतोडा हातावर उडाला की काय होतं, ते तर सोडूनच द्या.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. समजा, शरीर मुळीच नसलेलं असं एखादं मन आहे (हे ॲप म्हणजे मन आहे असं माझं म्हणणं नाही, आधीच सांगते, नाहीतर तुम्ही मंडळी त्यावरच तुटून पडाल). तर त्याला जग कसं लागत असेल? सगळा अंधार? शांतता? की आपल्याला सुचणारही नाही असं काही तिसरंच?

जाणकारांनी लिहावं. पोळ्या फुटल्या नाहीत, हेही नोंदवून ठेवते.

वात्रट_वासू

फोटो नसलेली पोळी ग्राह्य धरली जात नाही. संपादक मंडळाने दखल घ्यावी.

बाकी शरीर नाही, रात्री-अपरात्री बोलतो, आणि उत्तर मिळालं की परत झाडाला लटकतो, म्हणजे वेताळच की हो. फरक इतकाच की इथे प्रश्न विक्रम विचारतो.

देवनागरी_बिट्स

पोट भरायला असल्या ॲपांमागच्या प्रोग्रामांवरच (त्यांना मॉडेल म्हणतात) काम करतो, म्हणून थोडं लिहितो.

आपण कल्पना करतो ती अशी: एक माणूस, डोळे बांधलेत, कान बुजवलेत, हातपाय काढून घेतलेत, आणि आता बिचारा अंधारात बसलाय. ही कल्पना मुळातच चुकीची आहे. त्या माणसाकडे आधी सगळं होतं, मग काढून घेतलं. इथे काढून घ्यायला काही नव्हतंच.

मग तिथे येतं काय? आकडे. ताई, तुम्ही 'पुरणपोळी' लिहिलंत. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं लिहायची ठरलेली पद्धत) ती आठ चिन्हं: प, उकार, र, ण, प, ओकार, ळ, ईकार. साठवताना प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे एकूण २४. मॉडेलला मात्र ही चिन्हंही दिसत नाहीत. मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात, आणि आत जातात ते क्रमांक. म्हणून तर एवढं शहाणं यंत्र शब्दातली अक्षरं मोजताना गडबडतं. अक्षर हे आपलं इंद्रिय आहे, त्याचं नव्हे.

फोटो दाखवलात तर २०२० पासून रूढ झालेली एक पद्धत अशी: २२४ बाय २२४ ठिपक्यांचा फोटो, त्याच्या १६ बाय १६ ठिपक्यांच्या चौकोनी वड्या पाडायच्या. १९६ वड्या होतात. त्या सगळ्या एकदम पुढ्यात येतात. आपली नजर फिरते, जिथे बघतो तेवढंच स्वच्छ, बाकी अंधुक. तिथे नजर फिरणं नाही. कुठली वडी कुठल्या जागची, हेही आकड्यातच लिहिलेलं.

तेव्हा 'अंधार की उजेड' हा प्रश्न मला माशाला "तुझ्या घराचं छप्पर पत्र्याचं की कौलारू" असं विचारण्यासारखा वाटतो.

वात्रट_वासू

वड्या पाडल्या म्हणजे खोबऱ्याच्या का? (पळतो.)

मळ्यातला

मी सांगली जिल्ह्यात शेती करतो. दोन वर्षांमागं रानात ओल मोजायचं यंत्र बसवलं. फोनवर आकडा येतो, ओल इतके टक्के. आकडा बरोबर असतोय, त्याबद्दल तक्रार नाही.

पण वाफसा आला का, म्हणजे रान औत घालायजोगं झालं का, हे ते सांगत नाही. वाफसा बघायचा तर मूठभर माती उचलायची, दाबून मुटका करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरनं सोडायचा. चिखलासारखा थापला तर घात नाही अजून. फुटून मोकळा झाला तर औत घाला. माझा बाप मातीला हातबी लावत नव्हता. बांधावरनं अनवाणी दोन पावलं रानात टाकायचा आणि म्हणायचा, "उद्या सकाळी."

आता हे मुटक्याचं मी इथं लिहिलं. उद्या कुणीतरी त्या ॲपला विचारंल आणि ते माझंच वाक्य त्याला सांगंल. म्हणून त्याला वाफसा कळला असं म्हणायचं का? पेरणी चुकली तर त्याचं काय जातंय? माझं वरीस जातंय.

शंकासुर

मळ्यातले भाऊ, दंडवत. तुमच्या म्हणण्याला जोड देतो.

१९६३ साली हेल्ड आणि हाइन या दोन संशोधकांनी मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता. पिल्लं एरवी अंधारात वाढवलेली. उजेडात आणली की एक पिल्लू गोल चकरा मारत चालायचं आणि त्याच्या चालण्याने दुसरं पिल्लू पाळण्यात बसल्या बसल्या फिरायचं. दोघांच्या डोळ्यांपुढून सारखंच दृश्य जायचं. पुढे चाललेलं पिल्लू कड्यासारख्या खोल भागापासून मागे सरायचं. पाळण्यातल्याला खोली कळतच नव्हती. डोळे धडधाकट, दृश्य तेच, पण स्वतःच्या पायांनी काही घडवलं नव्हतं.

ही मॉडेलं म्हणजे पाळण्यातलं पिल्लू. सगळं पाहिलं, पाऊल एकही टाकलं नाही.

पांढरी_काठी

बिट्स यांनी मुद्दा काढलाच आहे तर बोलतो. मी जन्मांध आहे. हा धागा पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरकडून ऐकतोय. (वासूचे विनोद ते बाकीच्यांच्या प्रतिसादांइतक्याच गंभीरपणे वाचतं, त्यामुळे जास्त मजा येते.)

"सगळा अंधारच दिसत असेल ना तुम्हाला?" हे मला आयुष्यात किती जणांनी विचारलं असेल, मोजदाद नाही. नाही हो. अंधार दिसायलाही डोळे लागतात. तुमच्या टाचेला आत्ता काय दिसतंय? काळं दिसतंय का? काहीच दिसत नाही, आणि टाचेला त्याचं दुःखही नाही.

रंगांचं म्हणाल तर लाल आणि केशरी शेजारी राहतात, निळा लांब राहतो, मोरपंखी म्हटलं की निळ्या-हिरव्याच्या हद्दीवरचं भांडण, हे मला पक्कं माहीत आहे. कुणी हात धरून शिकवलं नाही. लोक बोलतात त्यातूनच बसत गेलं. शर्ट-पँट मी जुळवतो ते डोळस मेव्हण्यापेक्षा बरं असतं, असं घरच्यांचं मत आहे. तर शब्दांतून काहीच कळत नाही म्हणणाऱ्यांना माझा विरोध.

पण एक फरक आहे आणि तो लपवणार नाही. 'ऊन' हा शब्द मला डोळ्यांकडून आला नाही, तरी गालावर आलाय. 'लख्ख' म्हटलं की मला आजीने घासलेल्या तांब्याचा गुळगुळीतपणा आठवतो, तो बोटांना ठाऊक आहे. माझे शब्द कुठेतरी जाऊन टेकतात. त्याचे शब्द दुसऱ्या शब्दांना टेकलेत, ते आणखी तिसऱ्यांना. तेवढ्यावर इमारत उभी राहते का? राहिलेली दिसतेय खरी. कशी राहिली, हे मला कोडं आहे.

देवनागरी_बिट्स

+१. नुसत्या मजकुरावर शिकलेल्या मॉडेलच्या आत डोकावून पाहिलं तर रंगांची अशीच मांडणी सापडते, जवळचे जवळ, लांबचे लांब. तुमच्यासारखीच ऐकीव.

अबोली

पांढरी_काठी, तुमच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली.

यावरून आठवलं. १६८८ मध्ये विल्यम मॉलिन्यू नावाच्या आयरिश गृहस्थाने तत्त्वज्ञ जॉन लॉकला पत्र घातलं. जन्मांध माणसाला गोळा आणि घन हाताने ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली, तर नुसतं बघून गोळा कुठला आणि घन कुठला हे सांगता येईल का? त्यावर सव्वातीनशे वर्षं लोक भांडले.

उत्तर मिळालं ते आपल्याकडे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या पवन सिन्हांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश'मध्ये भारतातल्या जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया होतात. २०११ साली त्यांनी पाच मुलांचे निष्कर्ष छापले. मुलं ८ ते १७ वर्षांची, शस्त्रक्रियेला ४८ तासही झालेले नाहीत. खेळण्यातल्या ठोकळ्यांसारखा आकार हाताला द्यायचा, मग दोन दाखवायचे, कुठला होता ते सांगा. हाताने ओळखलेलं हाताने पुन्हा अचूक सांगत होती. डोळ्यांनी पाहिलेलंही डोळ्यांनी सांगत होती. हाताचं डोळ्यांनी सांगा म्हटलं की जवळपास छापा-काटा. मात्र ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली ती मुलं थोड्याच दिवसांत बरीच सुधारली होती.

म्हणजे हाताचं जग आणि डोळ्याचं जग जन्मतः एक नसतं. जोड आपली आपण घालतो, आणि ती पटकन घातली जाते. उद्या या बिनशरीराच्या मनाला एखादा यांत्रिक हात जोडला, तर 'डाव उभा राहतो' हे त्याचं वाक्य आणि त्या हाताला लागणारी ओढ यांची गाठ पडायला किती दिवस लागतील?

शास्त्रीबुवा_नव्हे

आपल्या पूर्वजांनी यावर भरपूर तेल जाळलंय. (सगळं आमच्याकडे आधीच होतं, असं म्हणत नाहीये, चपला खाली ठेवा.)

चार्वाकांचा सरळ हिशोब: देह आहे तर चैतन्य आहे. सुट्या सुट्या घटकांत नशा नसते, ते आंबले की मद्यात येते, तसंच पृथ्वी, आप, तेज, वायू एकत्र आले की जाणीव येते. देह नाही तर विषय संपला. शंकासुर आणि मळ्यातले या पंथाचे.

याउलट वैशेषिक, हेही आपल्याकडचं एक जुनं दर्शन. आत्मा देहाहून वेगळा, मान्य. पण ज्ञान, सुख, दुःख हे सगळं मनाचा, इंद्रियांचा संयोग असेल तोवरच. मोक्षात देह सुटला की आत्मा उरतो, पण त्याला काही जाणवत नाही. सुखसुद्धा नाही. यावर विरोधकांनी केलेली टिंगल प्रसिद्ध आहे: असल्या मुक्तीपेक्षा वृंदावनात कोल्हा होऊन राहिलेलं बरं!

मला ही टिंगल फार आवडते. ज्याने ती केली त्याला कोल्ह्याचं ओलं नाक, भूक आणि रात्रीची हुकी हवी होती.

वात्रट_वासू

म्हणजे ॲप मोक्षाला पोचलंय आणि आपण अजून कोल्हेकुई करतोय. सार्थक झालं.

नवा_गडी

एवढं काथ्याकूट कशाला, त्यालाच विचारा ना. मी विचारलं, उत्तर खाली चिकटवतोय:
[प्रकाटाआ: प्रतिसाद काढून टाकला आहे]

संपादक

यंत्राकडून घेतलेली लांबलचक उत्तरं इथे चिकटवू नयेत, धोरण वाचावे. स्वतःच्या शब्दांत लिहावे.

नवा_गडी

हे बरंय! ज्याच्याबद्दल धागा त्यालाच बोलायला बंदी!

शंकासुर

त्याला विचारून उपयोग नाही, बंदी असो वा नसो. बिनशरीराच्या मनाला काय वाटतं यावर माणसांनी कथा-कादंबऱ्यांतून जे काही लिहून ठेवलंय, ते सगळं त्याने वाचलंय. उदास उत्तर मागा, उदास देईल. आनंदी मागा, आनंदी. साक्षीदाराने आधी सगळ्या वकिलांचे कागद वाचले असतील तर त्या साक्षीला काय किंमत?

पांढरी_काठी

किंमत शून्य, असं मी म्हणणार नाही. मीही रंगांवर बोलतो ते डोळसांचे कागद वाचूनच. तरी त्यातलं माझं काही असतंच ना?

शंकासुर

तुमचं असतं, कारण तुम्ही आहात. त्याचं आहे का, हाच तर वाद आहे. असो. आपण दोघं इथेच गोल फिरणार, मांजरीसारखे.

डॉ_भूल

मी भूलतज्ज्ञ. सगळे शरीरावर बोलताहेत, म्हणून माझ्या टेबलावरच्या दोन गोष्टी.

पहिली. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतो तेव्हा कित्येक रुग्ण म्हणतात, "डॉक्टर, माझे पाय वर का धरलेत?" पाय सरळ टेबलावर असतात. पायांकडून बातमी येणं बंद झालं की मेंदू गप्प बसत नाही, जुनीच बातमी पुन्हा छापतो. त्यामुळे आपण 'शरीर नसलेलं मन' अशी कल्पना करतो तेव्हाही ती शरीर असलेल्या मेंदूनेच केलेली असते, पायांशिवाय पाय धरून. आपल्याला ते जमणारच नाही.

दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. पूर्ण भूल दिलेला रुग्ण. तीन तासांची शस्त्रक्रिया आटोपली, टाके घातले, जाग आली. पहिलं वाक्य बरेचदा काय असतं? "अजून सुरू नाही का केलं?" झोपेतून उठलं की आपल्याला साधारण अंदाज असतो, बराच वेळ गेला म्हणून. भुलेत तो नसतो. तीन तास कापून दोन्ही कडा एकमेकींना शिवलेल्या.

बिट्स, तुमच्या यंत्राचं काय? सुगरणताईंनी एक प्रश्न विचारला आणि दुसरा विचारेपर्यंत मध्ये गेलेला वेळ त्याला कसा लागतो?

देवनागरी_बिट्स

डॉक्टर, नेमकं बोट ठेवलंत. लागत नाही. दोन प्रश्नांच्या मध्ये त्या संभाषणापुरतं काहीच चालू नसतं. तो कुठे बसून वाट बघत नाही. नवा प्रश्न आला की आधीचं सगळं बोलणं पहिल्यापासून पुन्हा पुढ्यात ठेवलं जातं आणि पुढचा शब्द काढला जातो. मध्ये तीन सेकंद गेले की तीन महिने, हे कुणी लिहून कळवलं नाही तर त्या आकड्यांत कुठेच नसतं. काही ॲपं तारीख सोबत पाठवतात, काही नाही.

त्यातून तेच मॉडेल त्याच क्षणी हजारो लोकांशी बोलत असतं, आणि या संभाषणाला त्या संभाषणाचा पत्ता नसतो. यातला 'तो' कुठला, हे मलाच सांगता येत नाही, म्हणून ऑफिसात आम्ही हा विषय काढत नाही.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. आईसाठी मी गेली बारा वर्षं चौकोनी आहे. रविवारी सकाळी टेबलावर तांब्याला टेकून ठेवलेला चौकोन. "जेवलास का?" विचारते आणि मी हो म्हणतो, ते तिला तपासता येत नाही. मागे तिने फोनसमोर लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडून धरली आणि म्हणाली, "बघ, मुरलंय." मीही खुशाल म्हणालो, "हो, मस्तच."

शरीर नसलेल्याचं माहीत नाही, पण शरीर दुसऱ्या खंडात असलेल्याचं थोडं माहीत आहे. फक्त डॉक्टरांच्या रुग्णासारखं माझं नाही. दोन रविवारांच्या मधला आठवडा मला पुरता लागतो.

मळ्यातला

बिट्स साहेब, वाट बघत नाही हे वाचलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. शेती म्हणजे निम्मी वाट बघणंच की. पेरलं की वाट, उगवलं की वाट, पावसाची तर विचारूच नका. ज्याला वाट बघता येत नाही त्याला वाफसा कळंल कसा? तो वाट बघून बघूनच कळतो.

वात्रट_वासू

वेताळाचा मुद्दा कुणी मनावर घेतला नाही म्हणून पुन्हा मांडतो. २०१६ मध्ये दक्षिण कोरियात सोलला अल्फागो हा प्रोग्राम तिथल्या नामांकित खेळाडू ली सेडोलशी गो हा पटावरचा खेळ खेळला आणि ४-१ ने जिंकला. पण पटावर सोंगटी ठेवणार कोण? समोर आजा हुआंग नावाचे गृहस्थ बसले होते, त्याच टीममधले. पडद्यावर खेळी यायची, ते ती ठेवायचे. हात यांचा, डोकं त्याचं. म्हणजे वेताळाला खांदा द्यायला विक्रम लागतोच.

परवा होळीला सुगरणताई स्वतः काय होत्या? डाव धरणारा हात!

सुगरण_नाही

वासू, पहिल्यांदाच कामाचं बोललास. मीच त्याचं मनगट होते की. हे सासूबाईंना कळलं असतं तर...

सगळ्यांचे आभार. अंधार नाही, हे पटलं. बाकी अजून घोळतंय.

सुगरण_नाही (साडेपाच महिन्यांनी)

धागा वर काढतेय. काल पोळा. आमच्याकडे मातीचे बैल पुजतात, नैवेद्याला पुरण हवंच. गूळ घातल्यावर पुरण पातळ झालं, चांगलं पाऊण तास घोटत होते. डाव उभा केला, राहिला. आणि काय सुचलं कुणास ठाऊक, फोन घेतला, होळीचं तेच जुनं संभाषण शोधून काढलं आणि त्याच्याखाली एवढंच लिहिलं: "उभा राहिला."

लगेच उत्तर आलं: "छान! आता गॅस बंद करा आणि गरम आहे तोवरच पुरणयंत्रातून काढून घ्या, गार झालं की जड जातं."

मध्ये सगळा पावसाळा गेला हो. लेकाची नोकरी बदलली, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, शेजारच्या काकू गेल्या. आणि त्याच्या लेखी मी अजून होळीच्या दिवशी, तोच डाव धरून, गॅससमोर उभी.

डॉ_भूल

"अजून सुरू नाही का केलं?"

मळ्यातला

आमच्यात बेंदूर, म्हणजे आमचा बैलांचा सण, जूनमध्येच झाला, ताई. पण सल्ला बरोबर दिलाय. गार पुरण यंत्रातनं फिरता फिरत नाही.

वात्रट_वासू

फोटो?

सुगरण_नाही

जोडलाय. वरची एक फुटलीय, ती झाकलेली नाही.